अकरावं पान

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे प्रदर्शनात त्या काचेपुढे मी तोंडातून ब्र न काढता उभी राहिले, तेव्हाच दादाने ओळखायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय. ओळखलंही असेल. "चल, चहा घेऊ," एवढंच म्हणाला.

आधी पुस्तकाचं सांगते. आमच्या जुन्या संस्थानाची राज्यघटना मंजूर होण्याआधी तिचा मसुदा प्रजासभेच्या सभासदांसाठी छापला होता. मोजून पन्नास प्रती, चोवीस पानांची बारीकशी चोपडी. अकराव्या पानावर एक कलम होतं: निवडून दिलेला माणूस नालायक निघाला, तर त्याला मुदतीआधी घरी बसवायचा हक्क लोकांना राहील. सभासदांना हे कसं रुचणार! कलम रद्द झालं, वाटलेल्या प्रती परत मागवल्या आणि प्रत्येकीतून ते पान कापून काढलं. एका पठ्ठ्याने मात्र प्रत हरवली म्हणून सांगितलं आणि घरात दडवून ठेवली. ती प्रत माझ्याकडे आहे. होती, म्हणा.

मी कोर्टात टायपिस्ट होते. सदतीस वर्षं दुसऱ्यांचे निकाल बडवले आणि उरलेल्या वेळात जुन्या घटना, सनदा, मसुदे यांच्या पहिल्या छापील प्रती गोळा केल्या. लग्न केलं नाही. वहिनी म्हणते, "केलंय की, कागदांशी." दादा बाइंडर. माझं प्रत्येक पुस्तक त्याच्या हाताखालून गेलेलं. आमचा एक नियम होता: पुस्तक उसवायच्या आधी आणि शिवल्यावर, दोघांनी बसून मोजणी करायची. तो पान उलटणार, मी मोठ्याने आकडा म्हणणार. पाहुण्यांना हसू यायचं, आम्हाला नाही.

गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नेमका तेव्हाच मसुद्याचा दोरा सुटला. दादा पुस्तक घेऊन गेला. परत आणलं तेव्हा माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. त्यानेच पानं उलटली, त्यानेच आकडे म्हटले. "चोवीस. भरली बघ," म्हणाला. मी बरं म्हटलं. सख्ख्या भावावर कोण संशय घेतं?

आता ती काच. ग्रंथालयाने जुन्या घटनांचं प्रदर्शन भरवलं होतं आणि त्यात वकीलसाहेबांची प्रत मांडली होती. वकीलसाहेब माझ्यासारखेच जमवणारे. त्यांच्या मसुद्यातलं अकरावं पान इतरांसारखंच कापलेलं, हे मी स्वतः पाहिलेलं. माझी प्रत मिळावी म्हणून दहा वेळा त्यांनी माझ्या दाराचा उंबरा झिजवला होता. आणि आज काचेखाली अकरावं पान दिमाखात उघडं! त्याच्या कडेला मोहरीएवढं कसरीचं भोक. शेजारचं दहावं पान मात्र धडधाकट. कसर पानं पोखरत सरळ आत जाते. मधलंच एक पान खायला ती काही आकाशातून उतरत नाही. माझ्या प्रतीत ते भोक नवव्या पानापासून तेराव्यापर्यंत आरपार गेलेलं होतं.

खाली छापील कार्ड होतं: "अकराव्या पानासह दुर्मिळ प्रत. बांधणी व दुरुस्ती:" आणि पुढे ठळक अक्षरांत माझ्या दादाचं नाव.

घरी येऊन मी माझी प्रत खिडकीपाशी उघडली. अकराव्या पानालाही भोक होतंच. पण बाकीच्या पानांवरची भोकं कुरतडलेली, वेडीवाकडी. हे एकच कसं गोल, गुळगुळीत. दाभणाचं. रडले, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचं दुकान गाठलं. तो पुठ्ठ्याला खळ लावत होता.

"दादा, माझं अकरावं पान कुठंय?"

त्याने ब्रश पाण्यात ठेवला. "तुला कळायला अकरा महिने लागले, चिमे."

आणि हसला! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"किती घेतलेस त्या वकिलाकडून?"

"एक छदाम नाही. त्यांनी माझं नाव लावलं." हसू गेलं त्याचं. "तुझी दीडशे पुस्तकं मी उभी केली. आलेल्या-गेलेल्याला तू सांगतेस, मी हे शोधलं, मी ते जपलं. दादाने शिवलं, असं एकदा तरी म्हणालीस?"

नव्हते म्हणाले. ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

"मग भांडायचं होतंस! चार शिव्या घालायच्या होत्यास! केसाने गळा कशाला कापलास?"

"तुला नुसतं भोक पाडलेलं पान नाही दिलं मी. जुन्या दस्तांतला कोरा कागद शोधला. शाई घोटली. छपाईचे जुने शिशाचे खिळे अक्षर-अक्षर करून जुळवले. आयुष्यात इतकं चांगलं काम केलं नाही कधी."

"माझं पान परत आण."

"शिवलंय आता. उपसलं तर फाटेल."

कुंपणानेच शेत खाल्लं, मग राखण कुणाची लावायची? मी तशीच उठून आले.

गंमत अशी की, पुढच्या सोमवारी मी माझा सगळा संग्रह त्याच ग्रंथालयाला देणार होते. सगळी पानं अस्सल आहेत, असं लिहून सही करायची होती. चाळीस वर्षांत माझ्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती. खोटी सही करून भावाला वाचवायचं, की खरं लिहून त्याला उघडं पाडायचं, या विचारात दोन दिवस गेले.

सोमवारी गेले, तर दादा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी हजर. ग्रंथपाल बाईंनी अर्ज पुढे केला. मी लिहिलं: मसुद्याचं अकरावं पान नक्कल आहे, अस्सल पान वकीलसाहेबांच्या प्रतीत आहे. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझी प्रत उघडली, पान बोटांनी चाचपलं, उजेडात धरलं.

"हे नकली? शक्यच नाही! अहो, कुणी केलंय हे?"

अर्जात "दुरुस्ती वा नक्कल कुणाची" असा रकाना होताच. दादा माझ्या खांद्यावर वाकला.

"लिही," हळूच म्हणाला. "पोलीस आले तरी चालतील. माझं नाव लिही."

मी त्याच्याकडे पाहिलं. चोरीची लाज त्याच्या डोळ्यांत नावाला नव्हती. नुसती वाट बघत होता, लहानपणी बक्षिसाच्या यादीत आपलं नाव पुकारलं जायची बघायचा तशी.

रकान्यात मी लिहिलं, "माहीत नाही," आणि खाली सही केली.

दादाने अर्ज स्वतःकडे ओढला. तो त्या दोन शब्दांकडे बघत राहिला. वहिनी सांगते, तेव्हापासून दुकान उघडलेलं नाही. मला वाईट वाटतं का? वाटतं. पण खाडाखोड करायला मी अजून गेलेले नाही.