फक्कीचा गोल

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट लहानच आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या संभाजीनगरातल्या दोरबाजार चौकाची, आणि अंबिकाची.

अंबिका पाचोडकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. शिकली, आणि शहराचे नकाशे करणाऱ्या कचेरीत लागली. जुना दोरबाजार पुन्हा जागता करायचा, हे तिचं पहिलं स्वतःचं काम. दुकानं होती, गिऱ्हाईक नव्हतं; चौकभर मोटारसायकली लावून लोक भलतीकडंच जायचे. मधोमध कारंजं केलं की माणसं थांबतील, असं तिच्या मनानं घेतलं. शुक्रवारी नकाशा मंजुरीला जायचा होता. कारंजं किती जागा खाईल ते डोळ्यांनी बघावं म्हणून बुधवारी तिनं गाड्या हलवून घेतल्या, आणि कबड्डीच्या मैदानावर मारतात तसल्या पांढऱ्या फक्कीनं मोठा गोल आखला.

गुरुवारी संध्याकाळी ती मापं घ्यायला आली, तर चौक झाडलेला. गोलाच्या कडेनं रांगोळी, भोवती सतरंज्या, आणि सुतळी विकणारे बद्रीनाथ अप्पा झाडू घेऊन उभे.

"अप्पा, हे काय चाललंय?"

"कीर्तन." अप्पा पुन्हा झाडायला लागले. "अकरा वर्षं झाली, ताई. गाड्यांपायी कीर्तन मंगल कार्यालयात गेलं, तिथं कोण जातंय? वाटलं, आता आपल्या डोळ्यांदेखत चौकात काय व्हत नाय. काल बघतो तर गाड्या हलवून तुमी कीर्तनकार बुवांची जागाच आखून ठेवलेली. लगेच फोन फिरवले."

बांगड्यांच्या दुकानातली सारजाबाई सतरंजी झटकत म्हणाली, "फोन कसला, अख्खी गल्ली उठवली. गिऱ्हाईकाला सुतळी द्यायचं इसरलं म्हातारं."

अंबिकाला गप्प बसता आलं असतं. पण खोट्यावर सतरंज्या अंथरू द्यायच्या, हे तिच्या जिवाला पटेना.

"अप्पा, तो गोल कारंज्याचा आहे."

झाडू थांबला. "म्हंजे जागा कायमचीच जाणार?"

"व्हय." गावचा शब्द तोंडून कधी निसटला, तिलाच कळलं नाही.

अप्पांनी एक सतरंजी तिच्याकडं सरकवली. मग म्हणाले, "आजच्यापुरती तर मोकळी हाय ना? मग बसा. परसाद घेऊनच जा."

ती बसली. दिवेलागणीला बुवा गोलात उभे राहिले, मागं टाळकरी, आणि मृदंगावर थाप पडली. बघता बघता सतरंज्या अपुऱ्या पडल्या. कापडवाल्यानं गठ्ठ्यावरचं तरट आणून टाकलं. अत्तरवाले चाचा आपल्या पायरीवर बायकांना जागा करून देत होते. बुवा नामात रंगले, पुढं आले, मागं सरले, गोलातली जागा न् जागा त्यांच्या पायांखाली आली. फक्की पार पुसून गेली. कीर्तन संपलं तरी माणसं उठेनात. चहाच्या टपरीवर रांग लागली, सारजाबाईच्या दुकानात लेकीबाळी शिरल्या. कारंज्यापाशी लोकांनी फोटो काढले असते न् पुढं गेले असते, असं अंबिकाच्या मनात आलं.

शुक्रवारी कचेरीत साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "मधे काय?"

"काही नाही, सर. मोकळं. गाड्या तेवढ्या आत येऊ द्यायच्या नाहीत."

"दाखवायला काहीतरी पाहिजे ना."

"पुढच्या गुरुवारी संध्याकाळी या, पुन्हा कीर्तन आहे. दाखवते."

साहेब आले. मागं उभं राहून बघीन म्हणाले होते. अप्पांनी हाताला धरून पुढं बसवलं.

चौक आता फरसबंद झालाय, मधे मोकळाच. उद्घाटनाच्या पाटीवर बरीच नावं आहेत, अंबिकाचं नाही. तुम्ही कधी तिथं कीर्तनाला बसलात, आणि बुवा मोकळेपणानं चार पावलं पुढं आले, तर हात जोडताना पाचोडच्या त्या लेकीची आठवण ठेवा. एवढंच मागणं आहे.