गोळीशिवायची भिंगरी

"पाणी घोटघोट प्यायचं, बाई. टाकी भरायची नाहीये!"

इस्पितळातल्या नर्सताईंचा तो दरडावणारा, तरी मायेचा आवाज भिंगरीच्या कानांत अजून ताजा होता. नाचाच्या हॉलच्या पायऱ्या चढताना तिने बाटलीतून एकच घोट घेतला. रविवार दुपार; नाच चार ते सात.

भिंगरी पडदे शिवायची. एकदा नाचायला लागली की थांबायची नाही, म्हणून मित्रांनी ठेवलेलं हे नाव. पण गेली दोन वर्षं त्या गिरक्यांमागे दर शनिवारी नशेची एक गोळी असायची. दोन महिन्यांपूर्वी गोळीने अंग तापलं, तेव्हा सायकली दुरुस्त करणाऱ्या तिच्या मित्राने, पंक्चरने, तिला पाच बाटल्या पाणी पाजलं. जावयाला वाढावं तसं, आग्रह करकरून. कुठेतरी अर्धवट ऐकलेलं, दुसरं काय! रक्तातलं मीठ उतरलं, पोरगी बरळू लागली. पंक्चरने डॉक्टरांना काही न लपवता सगळं सांगितलं, म्हणून निभावलं.

तेव्हापासून गोळी बंद. दर सोमवारी समुपदेशक बाईंकडे जाणं सुरू. पण नाचही बंदच. तिला एकच धास्ती होती: नाचायची ती आपण, की ती गोळी?

शेवटी वहिनीनेच तिच्या हातातली कात्री काढून घेतली. "चल. मी येते."

"तू? तुला नाचता येतं?"

"गाद्या झटकता येतात. तेवढं पुरे."

पहिल्या गाण्याला भिंगरीचे पाय शिशाचे झाले होते. दुसऱ्यालाही. ती भिंतीशी सरकणार, एवढ्यात वहिनीने खरोखरच गादी झटकायला घेतली. दोन्ही हात वर, धपाक खाली! आजूबाजूच्यांनी आधी जागा करून दिली, मग एकाने नक्कल केली, मग अख्खी रांग गाद्या झटकू लागली. भिंगरी पोट धरून हसली, आणि हसता हसता पायांनी ठेका कधी धरला, तिचं तिलाच कळलं नाही.

"वहिनी, गुडघा दुखतोय माझा!" ती आनंदाने ओरडली. गोळीच्या दिवसांत तिला गुडघे आहेत हेच कधी कळलं नव्हतं.

"माझे दोन्ही दुखतायत! नाच तू!"

दम खायला ती बाकावर टेकली. तिथे पंक्चर बसला होता, बाटली हातात धरून, पण पुढे करायची हिंमत नाही.

"देऊ? की पोलीस बोलावशील?"

"एक घोट दे."

त्याने बाटलीचं झाकण फिरवून लावलं. मग म्हणाला, "मी अजून गोळी घेतो गं. शनिवार झकास जातो. मंगळवारी दुकानाचं शटर वर ढकलवत नाही. परवा एका गिऱ्हाइकासमोर ढसाढसा रडलो. तो बिचारा नुसती घंटी बसवायला आला होता."

"मग?"

"तोच मला रुमाल देऊन गेला. घंटी न बसवताच."

दोघंही हसले. पण त्याचे डोळे भरलेलेच होते.

"तुझ्या वेळी सगळं खरं सांगितलं मी. स्वतःच्या वेळी जीभ रेटत नाही."

"उद्या दहाला चल माझ्याबरोबर. बाई ओरडत नाहीत. आधी चहा विचारतात."

"मी ऐन वेळी पळून जाईन."

"म्हणून तर तुला न्यायला येणार. साडेनऊला, दुकानापाशी."

"नक्की?"

"नक्की."

मग तिने त्याला हाताला धरून उठवलं, आणि सात वाजेपर्यंत बसू दिलं नाही.

सोमवारी सकाळी पोटऱ्या भरून आल्या होत्या, तरी ती गुणगुणत होती. निळा पडदा सुईखाली अर्धा शिवून झाला होता. नऊ वाजता तिने मशीन थांबवलं.

"आज लवकर?" वहिनीने विचारलं.

"वाटेत थांबायचंय जरा."

कुणासाठी, ते तिने सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं. दाराशी क्षणभर डोळे मिटून तिने हात जोडले, चपला घातल्या, दार हळूच ओढून घेतलं आणि सायकलींच्या दुकानाची वाट धरली.