चाक थांबायच्या आत

आत्याने जुन्या मशिनचं मोठं चाक हाताने गरकन फिरवलं आणि विचारलं, "सात सक?"

"बेचाळीस," मुंगी म्हणाली. चाकाचा वेग अजून निम्माही झाला नव्हता. तिने डब्यात हात घालून एक निळं बटण शोधून काढलं आणि स्वतःच्या ढिगात टाकलं.

आत्याचं शिवणकामाचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली. काम ती हल्ली मोटरच्या मशिनवर करायची. पायाचं जुनं मशिन मात्र तिने विकलं नव्हतं. त्याचा पट्टा काढून ठेवला होता आणि चाक उरलं होतं ते फक्त पाढ्यांसाठी. चाक थांबायच्या आत बरोबर उत्तर आलं, तर डब्यातलं मनाला येईल ते बटण घ्यायचं. चुकलं, तर एक परत टाकायचं. मुंगीचे आईवडील दोघंही कामावर, त्यामुळे शाळा सुटली की ती थेट आत्याकडे यायची. पूर्वी पाढे म्हटले की तिच्या पोटात दुखायचं. चाकाने ते दुखणं पार पळवून लावलं. आता बारापर्यंतचे पाढे ती घडाघडा म्हणायची. घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी.

"सात आठे?"

मुंगी चाकाकडे बघत राहिली. चाकाचे आरे हळूहळू वेगवेगळे दिसायला लागले.

"सत्तावन्न," अगदी थांबता थांबता ती म्हणाली आणि निमूटपणे एक बटण डब्यात टाकून मोकळी झाली.

आत्याने कपाळावर हात मारला. बापावर गेलीस अगदी, म्हणाली. मुंगीचा बाप म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, बारक्या. आता पोट सुटलेला, चष्मेवाला गृहस्थ झाला तरी आत्याच्या तोंडी बारक्याच. आई लवकर गेली आणि वडील कायम फिरतीवर, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं आत्यानेच केलं. स्वतः तेव्हा काय मोठी होती? पण दिवसभर मशिन चालवायची आणि संध्याकाळी पट्टा काढून याच चाकावर त्याचे पाढे घ्यायची. सुताचा, तेलाचा वास, डब्यातल्या बटणांचा खुळखुळाट आणि शेजारी मांडी घालून बसलेला तो. आत्याला ते दिवस आठवले की हातातलं काम बाजूला ठेवावंसं वाटे.

तर तोही सात आठेलाच अडला होता. अख्खा उन्हाळा अडला. पाढे आले की पुढच्या शिक्षणासाठी त्याला मामाकडे पाठवायचं ठरलेलं, आणि हे ध्यान हलायला तयार नाही. शेवटी आत्याने वैतागून एक पट्टी ठेवून दिली आणि दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने छप्पन्न म्हणून दाखवलं. घरात चार माणसं जमली की हा किस्सा निघायचाच. आत्या तो अगदी रंगवून सांगायची आणि बारक्याही सगळ्यांबरोबर हसायचा. मामाकडे गेलेला तो कायमचा परत आला, तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं.

मुंगीलाही आता दुसऱ्या शाळेत घालायचं चाललं होतं. शाळा चांगली, संध्याकाळपर्यंत चालणारी, मुलांना बसने घरपोच सोडणारी. तिथे प्रवेशाच्या वेळी तोंडी पाढे विचारतात, म्हणून बारक्याने सांगून ठेवलं होतं, सगळे पक्के झाले की कळव, लगेच परीक्षेला बसवतो. म्हणजे दुपारचं हे येणं बंद होणार होतं. पोरीच्या भल्याचं आहे म्हटल्यावर आत्या कशाला आडवी येईल? पण अलीकडे मुंगीची वाट बघताना तिला उगाचच भरून यायचं.

तिने पुन्हा सुई हातात घेतली आणि काज करायला लागली. काल पोरगी पंचावन्न म्हणाली होती. परवा अठ्ठावन्न. आज सत्तावन्न.

आत्याचा हात थांबला. गल्लीतली कितीतरी पोरं या चाकावर पाढे शिकून गेली होती. ज्याला सात आठे येत नाही, ते पोर चोपन्न म्हणतं, अठ्ठेचाळीस म्हणतं, नाहीतर त्रेसष्ट. शेजारपाजारच्या पाढ्यातला आकडा ओढून आणतं. सत्तावन्न कुणी म्हणत नाही. रोज छप्पन्नच्या आजूबाजूला फिरायचं आणि छप्पन्नला तेवढं चुकवायचं, हे छप्पन्न ठाऊक असल्याशिवाय जमायचं नाही.

कार्टी चक्क बनवत होती. आत्याला आधी हसूच आलं.

मग तिला बारक्याचा तो उन्हाळा आठवला. काय म्हणायचा तो? पंचावन्न म्हणायचा. सत्तावन्न म्हणायचा. तिचं हसू मावळलं.

बारक्या मुलीला न्यायला आला तेव्हा मुंगी बटणं रंगांप्रमाणे लावत बसली होती. झाला का सातचा पाढा, असं त्याने रोजच्यासारखं दारातूनच विचारलं. अजून नाही म्हटलं की आणखी काही दिवस मिळाले असते. शब्द आत्याच्या अगदी ओठांवर आला होता.

"तिला सगळे येतात," ती म्हणाली. "कधीचेच येतात."

मुंगीने मान वर केली नाही. बारक्या तिचं दप्तर उचलायला वाकला.

"बारक्या, तुलाही येत होतं ना रे तेव्हा?"

कशाबद्दल चाललंय हे त्याला विचारावं लागलं नाही.

"पहिल्याच आठवड्यात," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर मामाकडे धाडलं असतंस." तो हसला, पण बरोबर हसायला कुणी नव्हतं.

"आणि मी मारलं तुला."

"पट्टीचं काही नाही गं, ताई. मला मारलंस आणि रात्रभर तूच रडत होतीस. मग सांगून टाकलं."

आत्याने हातातल्या कापडाची उगाच घडी केली, मोडली, परत केली. डोळे पुसायचे तर ते दोघांना दिसलं असतं. तरी तिने पुसले.

"त्या शाळेला शनिवारी सुट्टी असते का रे?" तिने विचारलं.

असते, तो म्हणाला.

"मग दर शनिवारी हिला इथे आणून सोडायचं. बारापर्यंतच झालेत. तेरापासून तिसापर्यंत सगळे बाकी आहेत आणि ते मी घाईघाईत उरकणार नाही."

मुंगीने बापाकडे पाहिलं. त्याने दप्तर पुन्हा खाली ठेवलं आणि मान डोलावली.

ती उठली, जुन्या मशिनपाशी गेली, दोन्ही हातांनी चाक जोरात फिरवलं आणि कुणी विचारायच्या आत म्हणाली, "छप्पन्न."