मर्दानगीची बरणी

पंजाबातल्या कोटली गावच्या वडाखाली त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि जो तो काचेची बरणी छातीशी धरून आला होता. बरणीत पाणी, पाण्यावर तरंगणाऱ्या हिरवट गोळ्या. हकीम सरदूलच्या औषधाने एका रात्रीत यकृतातून निघालेली चरबी! ज्याची बरणी गच्च, त्याची मान ताठ. एरवी हे सरदार एकमेकांना विचारत, तुझी म्हैस दूध किती देते? आता विचारत होते, काल तुझ्या पोटातून पडलं किती?

"ही चरबी फक्त पुरुषांनाच होते, मर्दांनो!" हकीम गरजला. "आतल्या आत मर्दानगी कुरतडते. माझं औषध तिला बखोटीला धरून बाहेर काढतं!"

मागे उभ्या जसमेलच्या अंगाचा तिळपापड झाला. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि तिचा नवरा नछत्तर कडेला ट्रॅक्टर लावून पहिल्या रांगेत माना डोलावत बसला होता. लग्नाला कैक वर्षं होऊनही त्यांच्या घरी पाळणा हलला नव्हता. शहरातल्या डॉक्टरने तपासून स्पष्ट सांगितलं होतं, "यकृतात चरबी साठलीय, पुरुषी हार्मोन उतरलंय. चरबी वाढली की हार्मोन घटतं, आणि हार्मोन घटलं की चरबी आणखी वाढते. दारू सोडा, रोज चालून पोट उतरवा, दुधात तूप ओतणं थांबवा. नाहीतर यकृत कडक होईल. मग मुलाचं सोडा, तुमचाच भरवसा नाही."

"तूप सोडू? मग ताकद काय हवेतून येणार?" असं म्हणून नछत्तरने हकिमाची वाट धरली होती.

जसमेल गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि तिने आपली बरणी हकिमासमोर ठेवली. "हकीमजी, ही जरा बघता?"

हकिमाने बरणी उजेडात धरली. "वाहवा! याला म्हणतात मर्द गडी! मणभर चरबीखाली दबली होती बिचाऱ्याची मर्दानगी. बीबी, नछत्तरसिंगला अजून दोन बाटल्या दे, पाळणा हललाच समज."

"ही त्यांची नाही."

"मग कुणाची?"

"माझी."

मग खाटेवरचा म्हातारा पाखर चाचा पोट धरून हसत सुटला. "हकिमा, आता मास्तरणीला मिशा फुटणार की काय रे?"

"बाईच्या शरीरात... उष्णता..." हकीम चाचरला.

"काल तुमचीच बाटली प्यायले मी," जसमेल म्हणाली. "तेल, लिंबाचा रस आणि जुलाबाचं मीठ. तेच तेल पोटात पित्तात मिसळून साबणासारखं गोठतं आणि जुलाबाबरोबर पडतं. यकृतातली चरबी अशी शौचाला पडत नसते. जे वरून ओतलं तेच खालून आलं! खोटं वाटतं? ठेवा बरण्या उन्हात."

बरण्या ओळीने उन्हात मांडल्या गेल्या. ऊन तापलं तशा गोळ्या विरघळल्या आणि पाण्यावर हिरवट तेलाचा तवंग आला. तोवर हकीम औषध आणायच्या निमित्ताने स्कूटरवरून पसार झाला होता.

"म्हैस घेताना स्वतः धार काढून बघता ना?" जसमेलने गर्दीकडे वळून विचारलं. "मग औषध घेतानाच डोळे का मिटता? वर्षानुवर्षं साठलेली चरबी एका रात्रीत कशी उतरेल, एवढं तरी विचारायचं! डॉक्टर हेच सांगत होता, पण त्याच्या सांगण्यात चमत्कार नव्हता, नुसतं चालणं होतं."

नछत्तर उठला. त्याने आपली बरणी गटारात रिकामी केली. "घरी सांगितलं असतंस," तो पुटपुटला.

"घरी सांगितलं, तेव्हा तुम्ही तुपाचा डबा उघडलात."

नछत्तरने खिशात हात घातला. मग ट्रॅक्टरची किल्ली तिच्या हातात दिली.

"हा तू घेऊन जा," तो म्हणाला. "मी चालत येतो."