ओटी भरलेली नाव

हणमंतरावाच्या नावेचं इंजन इतकं जुनं होतं की सुरू केलं की आधी उर्दूत खोकायचं आणि मग मराठीत चालायचं. खोटं वाटत असेल तर रेणापूरच्या बाजारात कुणालाही विचारा. ज्यांनी ऐकलं होतं ते सगळे वारले, त्याला मी काय करू?

हणमंता माझा शेजारी आणि लहानपणचा दोस्त. ते इंजन त्याच्या आज्यानं विहिरीवर बसवलं होतं. एकच सिलिंडर, दोन्ही अंगाला जात्यापेक्षा थोरली चाकं, डोक्यावर इंजन गार ठेवायला पाण्याची टाकी. हँडल मारून सुरू करायचं. विजेची मोटर आली तेव्हा भावकीनं ते भंगारात घालायचं ठरवलं. भंगारवाला दारात आला तर हणमंता इंजनावर मांडी घालून बसलेला. म्हणाला, "तोलायचं आसंल तर मला धरून तोल."

आमचं गाव तलावाच्या काठावर. पलीकडचं गाव हात लांबवला तर लागेल असं दिसतं, पण जायचं तर रेणापूरला एसटी बदलून अर्धा दिवस घालवावा लागतो. त्याच गावात हणमंतानं आपली एकुलती एक लेक उज्वला दिली आणि मांडवातच जाहीर केलं, "लेकीकडं मी पाण्यातून जाणार." नांदेडला गोदावरीत त्यानं कधीतरी होडी पाहिली होती. तेवढ्या भांडवलावर तो रामलिंग सुताराकडं गेला. रामलिंगनं जन्मभर बैलगाड्या केलेल्या. त्यानं नाव केली लांबच लांब आणि अरुंद, दोन माणसं शेजारी बसली की तिसऱ्यानं फक्त बघायचं अशी. लोकांनी विचारलं, ही अशी सापासारखी का? तर म्हणाला, "माझी गल्लीच अरुंद हाय. रुंद केली आसती तर ती गल्लीतच राहिली आसती."

त्या नावेत इंजन बसवलं, पट्ट्यानं पाणी कापणारा पंखा जोडला आणि गावातल्या बायांनी नावेला हळदकुंकू लावून खणानारळानं ओटी भरली. पुढं दर नवरात्रात भरत राहिल्या. सिंधुवहिनी, म्हणजे हणमंताची बायको, आठ दिवसाला धपाटे बांधून लेकीकडं जायची. मीही जायचो, काम नसताना. नावेच्या मागं मरळ मासे इतके धावायचे की एकदा आम्ही इंजन बंद केलं तरी त्यांनीच ढकलत आम्हाला काठाला लावलं.

मग ते वर्ष आलं, लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते. आमचा तलाव आटला. नाव आधी चिखलात बसली, मग ढेकळात. पलीकडं जायला आता पायवाट झाली. सिंधुवहिनी तलावाच्या बुडातून चालत लेकीकडं जायची. उज्वला तेव्हा पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आमच्याकडं बाळाचं दुपटं धुवायला पाणी नव्हतं. तिच्या सासरी बोअरला थोडं होतं. तिला तिथंच मुलगी झाली. माहेरानं लेकीला ठेवून घेतलं नाही, हे वहिनीला फार लागलं. हणमंतानं तिला शब्द दिला, "पाणी येऊ दे. लेकीला अन नातीला नावंतूनच माहेरी आणतो."

त्या शब्दापायी तो रोज सकाळी टँकरच्या पाण्यातली एक कळशी घेऊन नावेकडं जायचा. ती इंजनाच्या टाकीत ओतायचा, नोझल पुसायचा, चाकांना ग्रीस द्यायचा आणि कोरड्या तलावात इंजन चालवायचा, आतून गंजू नये म्हणून. शेळ्या चारणारे ओरडायचे, "हणमंतराव, कुठवर आलं गाव?"

"आलंच. उतरायची तयारी ठेवा!"

इंजन असं झालं होतं की त्यात तोंड बघून दाढी करावी. पण नावेच्या फळ्या उन्हानं वाळून गेल्या. सांध्यातून पलीकडचं दिसायला लागलं. एक दिवस सिंधुवहिनी खरकट्या पाण्याची बादली घेऊन आली. भांडी घासलेलं, हातपाय धुतलेलं पाणी तिनं साठवून ठेवलं होतं.

"अवो, हे फळ्यांवर मारते. गाडीचं चाक वाळलं की तुम्ही पाणी मारता का न्हाई? हिचंबी लाकूडच हाय."

हणमंता आडवा झाला. "खरकटं? हिच्यावर? अगं, ओटी भरलीया हिची. ओटी भरलेल्या बाईवर कुणी उष्टं पाणी टाकतं व्हय?"

"ओटी भरलेली बाई रोज उष्ट्यातच हात घालती," वहिनी म्हणाली. "माझी भरली न्हाई का? मला काय झालं?"

मला हसू आलं. हणमंताला नाही आलं.

"चांगलं पाणी आसंल तर मार."

"चांगलं तुमच्या इंजनाला जातंय की रोज. एक दिस ते हिला घाला."

"इंजन जाम झालं तर नाव काय वल्हवून न्हेऊ?"

"भावजी, तुम्ही तरी सांगा," वहिनी माझ्याकडं वळली. मी सांगून पाहिलं. तर हणमंता मला म्हणाला, "शरणप्पा, थापा मारायच्या तिकडं मार. देवाधर्मात बोलू नको."

वहिनीनं बादली उचलली आणि घरी जाऊन शेवग्याच्या बुडाशी ओतली. रोज तिथंच ओतायची. त्या वर्षी सगळ्या गावात हिरवं एवढंच झाड होतं. त्याला शेंगा आल्या त्या इतक्या लांब की विहिरीतून बादली काढायला वापराव्यात. विहिरीत पाणी असतं तर वापरल्याही असत्या.

परतीच्या पावसानं तलाव भरला. गाव नाचलं. रामलिंगनं येऊन नावेच्या भेगांत कापूस कोंबला, वरून डांबर ओतलं. तो म्हणाला, "फळ्या पिळवटल्यात, हणमंतराव. पाण्यात ठेवून बघू, मिटल्या तर मिटल्या." नाव काठाशी पाण्यात ठेवली. थेंब आत आला नाही. आम्ही सगळ्यांनी नारळ फोडला.

पलीकडच्या काठावर उज्वला लेकीला घेऊन उभी होती. तिचं लुगडं इकडून दिसत होतं. हणमंता आणि मी नावेत बसलो. वहिनी काठावर औक्षणाचं ताट घेऊन थांबली. हणमंतानं हँडल मारलं आणि इंजन पहिल्या झटक्यात चालू झालं. काय ठोका होता! इतका जोरकस आवाज मी त्या इंजनाचा कधीच ऐकला नव्हता. त्या ठोक्यानं नाव बुडापासून हादरायला लागली आणि त्या हादऱ्यानं डांबर सुटलं. पायाशी आधी ओल आली, मग घोटाभर पाणी, मग कापसाचे बोळे माझ्यासमोरून तरंगत गेले.

"हणमंता, बंद कर!"

"पोचू, पोचू," तो म्हणत राहिला. इंजन पाण्याखाली गेलं तेव्हा त्यातून पाण्याला बुडबुडे आले, इंजन आतूनच शिव्या देतंय असे. नशीब, तिथं पाणी गळ्याइतकंच होतं. आम्ही चालत परत आलो. मागं पलीकडच्या काठावर उज्वला तशीच उभी होती. काठावर वहिनीनं ताटातली ज्योत फुंकून विझवली आणि आम्हाला पुसायला पंचा दिला. नात माहेरी आली ती पुढं दिवाळीत, एसटीनं, वाटेत ओकाऱ्या काढत. दोन दिवस राहिली.

नाव गेली. इंजन ट्रॅक्टरनं ओढून काढलं. हणमंतानं ते सगळं उघडलं, एकेक भाग डिझेलनं धुतला, पुन्हा जोडला आणि अंगणात विटांच्या चौथऱ्यावर बसवलं. एका सकाळी मला हाक मारली. हँडल मारलं. इंजन चालू झालं. त्या आवाजात ओरडून मला सांगू लागला, "बघ, काय झालंय त्याला? काही झालं न्हाई!" चाकं अशी झरझर फिरत होती की बघत राहावं. वहिनी चुलीपाशी होती. तिचा फोन वाजला. उज्वला होती. पाण्यावरून आवाज फार लांब जातो.

फोन तिनं कानाला लावला, ऐकला, आणि उठून हणमंताच्या कानाला धरला. उज्वला ओरडूनच बोलत होती, शेजारी मलाही ऐकू आलं.

"बाबा, नवी नाव केली व्हय? आवाज आला म्हणून पोरीला घेऊन पळत आले. काठावरच हाय. किती वेळ बघत राहिले, नाव दिसंना झालीया. कुठपर्यंत आलात?"

हणमंतानं खुंटी दाबून इंजन बंद केलं. चाकं आपल्या वजनानं बराच वेळ फिरत राहिली.

"कुठं न्हाई माय," मग म्हणाला. "अंगणातच हाय मी. जा घरी, पोरीला ऊन लागंल."

त्यानंतर त्यानं हँडलला हात लावलेला मी पाहिला नाही.