शेकीला लागलेली गोळी

वाल्बुर्गाने शेजारच्या क्वीरीनची वाट साखळी लावून बंद केली, ती भर सकाळी, त्याच्या डोळ्यांदेखत. तिच्या कुरणातून जाणाऱ्या त्या वाटेनेच त्याची गवताची गाडी यायची. तो एक शब्द बोलला नाही, लांबच्या उतारावरून गाडी वळवून गेला. तिची खात्रीच पटली. गुन्हा केला नसता तर माणूस भांडला असता.

गुन्हा होता शेकीला मारल्याचा. गेल्या शनिवारी गावाने सशांच्या शिकारीसाठी घातलेल्या हाक्यात कुंपणापलीकडे चरणारी तिची दुभती गाय शेकी जागच्या जागी कोसळली. खाटकाने तिच्या अंगातून गोळी काढली. सशाला छर्रे मारतात, त्यामुळे गोळी सुटली असणार ती तीन नळ्यांच्या बंदुकीतूनच. तिच्या दोन नळ्या छर्‍यांच्या, एक गोळीची, आणि वरचा खटका पुढे राहिला तर छर्‍यांऐवजी गोळीच सुटते. गावात अशा बंदुका दोनच. एक क्वीरीनची आणि एक तिच्या मेलेल्या नवऱ्याची, जी आता तिचा मुलगा व्हीटुस वापरायचा. व्हीटुसला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

तिने गावाला विचारलं. खाटीक सुरीला धार लावत बसला. पाववालीने हवापाण्याची गोष्ट काढली. पाद्रीबुवा म्हणाले, राग धरू नये. सगळे नजर चुकवत होते. क्वीरीन शिकाऱ्यांचा म्होरक्या, म्हणून सारं गाव त्याला पाठीशी घालतंय, असं ती घरी येऊन व्हीटुसला सांगायची. तो मान खाली घालून जेवायचा आणि उठून बाहेर जायचा.

मोसमातला शेवटचा हाका झाला, तेव्हा ती सरळ खाणावळीत गेली. तिथे शिकाऱ्यांचं नेहमीचं खोटं कोर्ट भरलं होतं. क्वीरीन काळी टोपी घालून न्यायाधीश झालेला. ज्याचा नेम चुकला, ज्याने दुसऱ्याचा ससा उचलला, त्याला बाकावर उभं करून सफरचंदाच्या दारूचा दंड ठोकायचा, असा खेळ. हशा चालला होता. तिला पाहून हशा थांबला.

"माझाबी एक खटला हाय," ती म्हणाली. "आरोपी टोपी घालून बसलाय."

क्वीरीनने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"वहिनी, हे हितं नको."

"हितंच. माझी शेकी तुज्या बंदुकीनं मारली. कबूल कर, न्हाईतर न्हाई म्हण."

तिने रांगेने सगळ्यांकडे पाहिलं. जो तो आपल्या ताटातल्या भाजलेल्या डुकराकडे बघत होता. मग मागच्या बाकावरून व्हीटुस उठला.

"आये, खटका माज्याकडनं पुढं ऱ्हायला. म्या सशावर छर्रा मारतोय असं समजलो."

वाल्बुर्गाला वाटलं, क्वीरीनला वाचवायला बोलतोय. तिने क्वीरीनकडे पाहिलं. त्याचा चेहरा पाहून तिला कळलं, पोरगा खरं बोलतोय.

"तुमा समद्यांना ठावं व्हतं?"

"गोळीचा आवाज येगळा असतोय, वहिनी. रांगेतल्या समद्यांनी ऐकला, कुनीकडनं आला त्येबी."

"मग म्या तुला शिव्या घालत व्हते, तवा बोलला का न्हाईस?"

"त्येनं स्वतः सांगावं म्हनून थांबलो. घरात तुमी दोघंच."

तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला, गावाचा, मुलाचा, स्वतःचा. गाव तिच्यापासून चोर लपवत होतं खरं, पण तो तिच्याच घरातला होता. तिने माफी मागायला तोंड उघडलं, तर क्वीरीनने हात वर करून तिला थांबवलं.

"आधी त्येला घरी न्या. आठवडाभर झोपला न्हाई. रोज सांजंला माज्याच गोठ्यात येऊन रडत बसतोय."

वाल्बुर्गा आरोपीच्या बाकावर बसली. सबंध आठवडा ती रोज खिडकीतून त्याच गोठ्यावर नजर ठेवून होती. व्हीटुसला आत शिरताना तिने दर संध्याकाळी पाहिलं होतं, आणि तिला वाटलं होतं, पोरगा माझ्या वतीने भांडायला चाललाय.