स्लाक्केनबर्गची दुसरी बाजू

कॅसेट आत ढकलली, बटण दाबलं, आणि गिटारच्या जागी सासऱ्यांचं खाकरणं ऐकू आलं.

मृदुलाला आधी वाटलं, रेडिओच लागला. जपानहून आलेल्या त्या जुन्या टोयोटाचा रेडिओ ऑकलंडची निम्मी स्टेशनं पकडत नसे आणि मधूनच भलतं काहीतरी बोलू लागे. पण पाठोपाठ काशिनाथरावांचा आवाज स्वच्छ आला, "हं, बोल बाळा, काऊ कुठे बसलाय?" आणि त्यामागून तिच्या लेकीचा, श्रियाचा, "बर्ड गॉन."

मागच्या सीटवर खरी श्रिया तोंड उघडं टाकून झोपली होती. माउंट रॉस्किलच्या उतारावर, कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानासमोरच्या झाडाखाली गाडी उभी होती. मृदुलाने कॅसेट बाहेर काढली. तीच होती. काळी, आणि वर पांढऱ्या शाईने झाडाच्या मुळांसारखी गुंतवलेली अक्षरं. तिने ती परत घातली आणि पुढे पळवत, थांबत, पुन्हा पळवत ऐकत गेली. काऊ, चिऊ, आजीचं नाव काय, आजीला हाय कर. "हाय आजी." बाजूभर नुसतं हेच.

अगदी शेवटी खट्ट झालं. काशिनाथरावांचं रेकॉर्डिंग तिथे थांबलं होतं, आणि उरलेल्या बोटभर फितीवर मूळचे स्लाक्केनबर्ग, तो बेल्जियन बँड, शिल्लक होते. गिटार नव्हती, ड्रम नव्हते. एक माणूस बंद ओठांनी गुणगुणत होता, झोपलेल्याच्या उशाशी बसून कुणी गुणगुणावं तसा, आणि मागे कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मग फीत संपली.

पहिल्या बाजूवर जो घसा फाडून ओरडत होता, तोच हा माणूस. तो इथवर कसा आला, मधे काय झालं, हे आता तिला कधीच कळणार नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मागे पोर झोपलेलं, त्यामुळे ओरडायचीही सोय नाही.

हे बेल्जियमचं वेड तिला टे पुकेच्या किवीफ्रूट पॅकहाउसमध्ये लागलं होतं. शिकत असताना सुट्टीत ती तिथे फळं निवडायला जायची. पट्ट्यापलीकडे उभी राहणारी एक बेल्जियन मुलगी परत जाताना बूट, रेनकोट आणि कॅसेट्सची एक पिशवी मागे टाकून गेली. बूट कुणीतरी नेले, पिशवी मृदुलाने उचलली. पुण्यात कॉलेजात असताना तिने हेवी मेटल संगीत ऐकलं होतं, पण ते मोठ्या स्टेजवरचं, घासूनपुसून चकचकीत केलेलं. हे वेगळं होतं. गॅरेजात, तळघरात, बंद पडलेल्या शाळांमध्ये वाजवलेलं, कुणी ऐकावं अशी अपेक्षाही न ठेवलेलं. तिने त्या बँड्सना पत्रं लिहिली. काहींची उत्तरं आली. पुढे एका जर्मन माणसाच्या वेबसाइटवर ती बेल्जियमच्या नव्या बँड्सबद्दल लिहू लागली, आणि हळूहळू तो कोपरा तिचाच झाला.

तिथे सगळे तिला एका गोष्टीसाठी ओळखत. मृदुला केळकर पूर्ण ऐकल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही. बाकीचे दोन गाणी ऐकून चार विशेषणं फेकत. ही शेवटच्या खरखरीपर्यंत ऐके आणि मग शिव्या घालायच्या तर नीट घाले. एकदा तिने एका बँडला लिहिलं होतं की तुमचा राग आरशासमोर उभा राहून केलेला आहे. त्यांनीच पुढची टेप तिला आवर्जून पाठवली.

स्लाक्केनबर्ग म्हणजे खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीचा डोंगर. तसल्याच एका डोंगराच्या गावातले हे तिघे. इंटरनेटवर काही टाकत नाहीत, मोजक्या टेप हाताने बनवतात आणि ज्याला द्यायची त्यालाच देतात. दुसऱ्याच एका बँडच्या फोटोत, मागच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर तिला ती मुळांसारखी अक्षरं दिसली होती. ती वाचायला एक आठवडा आणि पत्ता मिळवायला अख्खा हिवाळा गेला. वीम नावाच्या त्यांच्या ड्रमरने शेवटी टेप धाडली, सोबत एवढीच ओळ की आमच्या देशाबाहेर ही एकच जातेय.

पहिली बाजू ती पाठ होईतो ऐकून बसली होती. दुसरी राहिली, कारण एक बाजू पाठ झाल्याशिवाय ती पुढची लावत नसे, आणि श्रियाची दुपारची झोप म्हणजे कॅसेटची एक बाजू. ती गाडीतच झोपायची आणि गाडी थांबली तरी उठायची नाही, फक्त घरी नेलं की उठायची. तेवढीच काय ती चोरलेली वेळ. चहा अर्धा, आंघोळ अर्धी, नोकरी तर केव्हाच सुटलेली. पूर्ण होत होतं ते हे एकच.

घरी आली तेव्हा काशिनाथराव सनरूममध्ये ऑप शॉपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, आणलेला टू-इन-वन पुसत बसले होते. मृदुलाने श्रियाला खाली ठेवलं आणि कॅसेट त्यांच्यासमोर धरली.

"बाबा, ही तुम्ही घेतली होती?"

"हो, अगं, ती खराब झालेली आहे," ते अगदी मदतीच्या सुरात म्हणाले. "मी लावून बघितली. नुसतं घर्रर्र. फीत घासलीय, नाहीतर बुरशी लागली असेल इथल्या दमट हवेने. म्हटलं फेकण्यापेक्षा वापरू."

कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची चिप मोडलेली होती, म्हणजे हिच्यावर काही भरू नका. काशिनाथरावांना ते चांगलं ठाऊक होतं. भोकावर चिकटपट्टी लावून त्यांनी ते बुजवलं होतं, कडा नखाने नीट दाबून. उभ्या आयुष्यात त्यांनी अशा किती कॅसेट्स पुन्हा कामाला लावल्या असतील. सासूबाईंच्या, शांताबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्या विमानात बसू शकत नव्हत्या. नात फोनवर रोज दिसते, पण फोन ठेवला की संपते, असं त्या म्हणायच्या. पुण्याच्या स्वयंपाकघरात अजून त्यांचा टेप चालतो. त्यावर नातीचा आवाज दिवसभर लागावा, म्हणून हा सगळा खटाटोप.

हे सगळं मृदुलाला कळत होतं, आणि म्हणूनच राग कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. तिने एवढंच सांगितलं की ती खराब नव्हती, ते संगीत होतं. काशिनाथरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिची झोपच होत नाहीये.

संध्याकाळी तिचा नवरा, नितीश, कामावरून आला. जेवताना विषय निघाला, निघाला म्हणजे मृदुलाने काढला. नितीशने सगळं ऐकलं, भात कालवला, आणि समजावणीच्या सुरात बोलायला लागला. एका कॅसेटसाठी एवढं काय, बाबा शनिवारी निघालेत, त्यांना वाईट वाटेल.

"आणि एक बाजू ऐकलीयस ना तू?" तो म्हणाला. "दुसरीही तशीच असणार. लिहून टाक. कोणाला कळणारे?"

"दुसरी तशी नव्हती."

"तुला काय माहीत? ऐकली कुठेयस?"

त्याचं त्यालाच ते मजेशीर वाटलं. हसता हसता पुढचंही निघून गेलं. "खरं सांगू, गाडीत लावली तेव्हा मलाही वाटलं गिअरबॉक्स गेला. म्हणून तर बाबांना म्हटलं, घ्या हो, तिच्याकडे ढिगाने आहेत असल्या."

काशिनाथरावांनी पाण्याचा पेला उचलला आणि उगाच ठेवला. दुपारी त्यांनी हे सांगितलं नव्हतं. मुलाचं नाव मधे येऊ दिलं नव्हतं.

मृदुलाच्या रागाला तेव्हा ठाव मिळाला. म्हाताऱ्या माणसाने न कळून केलं, ते एक वेळ गिळता आलं असतं. पण याला माहीत होतं. पॅकहाउसपासून सगळं माहीत होतं. लग्नाआधी हाच तिचे रिव्ह्यू मित्रांना वाचून दाखवायचा.

"तुझ्या कोडमध्ये कुणी निम्मी फाइल पुसली," ती म्हणाली, "तर उरलेली तशीच असणार म्हणून सोडून देशील?"

"मृदू, ते काम आहे."

ती उठली, श्रियाचं तोंड पुसलं, जरा जास्तच जोरात, आणि श्रिया रडली. मग तिला कडेवर घेऊन, तिच्या केसांत नाक खुपसून ती बराच वेळ बाहेर अंगणात उभी राहिली. पोराच्या डोक्याला दहीभाताचा वास येत होता. राग जात नव्हता. मुलीवर नव्हताच तो, पण तिच्यापाशी येऊन मऊ मात्र होत होता, आणि त्याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच झाडाखाली, तिने वीमला जे घडलं ते ईमेलवर लिहिलं. टेप गाडीत होती, सासऱ्यांना ती बिघडलेली वाटली, त्यांनी दुसऱ्या बाजूवर नातीचा आवाज भरला. शेवटचं गुणगुणणं तेवढं उरलं आहे. मी रिव्ह्यू लिहू शकत नाही. निम्मं ऐकून मी लिहीत नाही.

तिकडे पहाटही झाली नसेल, तरी उत्तर तासाभरात आलं, आणि ते चिडलेलं होतं. वीमचं इंग्रजी मोडकं, पण राग धडधाकट. त्याने लिहिलं होतं की त्या बाजूवर आमच्या गायकाच्या बापाचा शेवटचा महिना आहे. गायक ओरडत सुरू करतो आणि प्रत्येक गाण्यात आवाज थोडा खाली आणतो, कारण आजारी माणसाच्या खोलीत ओरडता येत नाही. तुला दिली, कारण तू शेवटपर्यंत ऐकतेस असं सगळे म्हणतात. तू ती गाडीत टाकून ठेवलीस. दुसरी प्रत मी देणार नाही. शेवटी एक ओळ होती, खोटं लिहिलं नाहीस एवढं बरं केलंस.

मृदुला स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसली. तिला शिव्याच पडल्या होत्या, आणि तरी कालपासून पहिल्यांदाच छातीवरचं काहीतरी हललं. जे गेलं ते काहीतरी होतं, असं म्हणणारं कुणीतरी भेटलं होतं.

संध्याकाळी, नितीश आणि काशिनाथराव दोघेही टेबलाशी असताना, तिने ते उत्तर मराठी करून वाचलं. आवाज चढवला नाही. बापाचा शेवटचा महिना, इथे ती थांबलीही नाही, सरळ पुढे गेली. नितीश ताटात बघत राहिला. मग तो सॉरी म्हणाला, आणि तिने नुसतं "हं" केलं. त्या एका शब्दात मिटण्यातलं ते नव्हतं.

काशिनाथराव उठून आत गेले. येताना त्यांनी टू-इन-वनमधली कॅसेट आणली. ऐकायला म्हणून ती त्यांनी सकाळीच तिच्याकडून मागून घेतली होती. तिच्या कडेची चिकटपट्टी काढलेली होती.

"पहिली बाजू ऐकली मी आज," ते म्हणाले. "मला काही कळलं नाही, खोटं कशाला सांगू. पण खराब नाहीये ती. आता एक विचारतो. श्रियाचा आवाज हिच्यावरच आहे. मी नेऊ का?"

सगळ्यांनाच ठाऊक होतं, अशा वेळी सून काय म्हणते. मृदुलाने शांताबाईंचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणलं, खिडकीतला तो टेप, त्यांचा दुखरा गुडघा. आणि तरी तिने हात पुढे केला.

"नाही, बाबा. ही माझी आहे."

त्यांनी कॅसेट तिच्या हातात ठेवली. नितीश काहीतरी बोलायला गेला, तर काशिनाथरावांनीच त्याला हाताने गप्प केलं.

सकाळी ते एकटेच चालत ऑप शॉपला जाऊन आले. येताना खिशात एक जुनी कॅसेट होती, स्कॉटिश बॅगपाइपची, कव्हरवर घागरे घातलेले पुरुष. मृदुला कपडे वाळत घालून आत आली तेव्हा सनरूममधून तो आवाज येत होता, एखादं जनावर शेपटीवर पाय पडल्यावर काढेल तसला. काशिनाथराव ताठ बसले होते, हात मांडीवर, चेहरा ओढलेला. श्रिया रबरी चपला उलट्या पायांत घालून त्यांच्यासमोर गोल गोल फिरत होती. चिकटपट्टीचं रीळ टेबलावर तसंच पडलेलं होतं, हातही न लावता.

"भरायला लागा की," मृदुला दारातून म्हणाली. तिचा आवाज अजून कोरडाच होता. "उद्या निघायचंय तुम्हाला."

"थांब," ते म्हणाले. "दुसरी बाजू राहिलीय ऐकायची."

तिने आत जाऊन चहा ठेवला. त्यांचा कप नेऊन त्यांच्या हाताशी ठेवला, जरासा आपटूनच, आणि स्वतःचा घेऊन बॅगपाइप संपेपर्यंत तिथेच, जमिनीवर बसून राहिली.